सोऱ्याचं घराणं

भोसरीपासून चाकणपर्यंत हीट ट्रीटमेंटची शॉप्स पसरलेली आहेत. त्यातल्या काहींत क्वेंचिंगसाठी, म्हणजे तापलेला जॉब निववण्यासाठी, तेलाच्या टाकीऐवजी सॉल्ट बाथ असतो. लोखंडी टाकीत वितळलेलं मीठ, दिसायला पाण्यासारखं पातळ, तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. ८५० अंशांवर लालभडक तापलेले गिअर बास्केटसकट त्यात उतरतात आणि ‘थंड’ होतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण मेख तिथेच आहे. साध्या पाण्यात बुडवलेल्या गिअरचा बाहेरचा थर झटक्यात निवतो, गाभा मागे राहतो आणि त्या ओढाताणीत जॉबला तडा जातो. गरम मिठात आतबाहेरचं तापमान सारखं होऊ द्यायचं आणि मग जॉब काढून हवेत निवायला ठेवायचा.

हे मीठ जेवणातलं नव्हे. पोत्यावर नाव असतं पोटॅशियम नायट्रेट, जोडीला सोडियमचे नायट्रेट आणि नायट्राइट. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा. आणि सोऱ्याने गार करायची कृती अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त लिहून ठेवलेली आहे. गार करायचं होतं ते मात्र बादशहाचं पिण्याचं पाणी. हा धागा हाती आल्यापासून मी एक मत धरून बसलो आहे: चाकणचा सॉल्ट बाथ आणि उन्हाळ्यात गच्चीवर फिरणारा आइस्क्रीमचा पॉट एकाच घराण्यातले आहेत.

अबुल फजलची कृती अशी. एक शेर पाणी कथलाच्या किंवा चांदीच्या सुरईत भरायचं आणि तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि सुरई त्यात पाव तास फिरवत राहायची. तोफेच्या दारूत आग ओकणारा सोरा इथे गारवा देतो, याची मौज त्यालाही वाटली होती.

हे प्रमाण तपासून पाहण्यासारखं आहे. पाच शेरांत अडीच, म्हणजे १०० ग्रॅम पाण्याला ५० ग्रॅम सोरा. ३० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सोरा साधारण ४५ ग्रॅम विरघळतो, २० अंशांच्या पाण्यात जेमतेम ३२. पाणी गार होत जाईल तसा तळाशी थोडा सोरा उरणारच. आबदारखान्यातल्या, म्हणजे बादशहाच्या पाण्याच्या खात्यातल्या माणसाने हात राखून माप घेतलेलं नाही: विरघळायचा तेवढा विरघळो, कमी पडायला नको. सोऱ्याचे स्फटिक सुटे व्हायला उष्णता लागते, ती ते भोवतीच्या पाण्यातून ओढून घेतात. काम झालं की पाणी आटवायचं, सोरा परत हातात.

आता श्रेयाचा वाद. अबुल फजलचा सूर असा, की ही युक्ती बादशहाचीच. दरबारी लेखकाने धन्याच्या पदरात श्रेय टाकावं यात नवल नाही, पण तारखा त्याच्या विरोधात जातात. ब्लास व्हिलाफ्रांका या स्पॅनिश वैद्याने सोऱ्याच्या पाण्यात कुपी फिरवून मद्य आणि पाणी गार करण्याची रीत १५५० साली रोममध्ये छापून टाकली होती. त्या वर्षी अकबर आठ वर्षांचा होता. मग युक्ती इटलीची का? तेही नाही. तेराव्या शतकातल्या इब्न अबी उसैबिआ या अरब वैद्याच्या ग्रंथात सोऱ्याने पाणी गोठवण्याचा उल्लेख त्याच्याही आधीच्या माणसाच्या नावावर आहे. गोठवण्याचा भाग मला पटत नाही. उन्हाळ्यातल्या तीस-पस्तीस अंशांच्या पाण्याला निव्वळ सोरा एका दमात शून्यापर्यंत उतरवू शकत नाही. पण गार करण्याची रीत अरब वैद्यांकडून एकीकडे रोमला आणि दुसरीकडे आग्र्याला गेली, हा माझा अंदाज. सोरा मात्र आपल्याकडे, विशेषतः बिहारात, मातीतून खरवडून काढावा इतका मुबलक. त्यामुळे युक्ती परकी असली तरी तिला इथे माल कमी पडला नाही.

माझ्या मतावरचा खरा हल्ला रसायनशास्त्राकडून येतो. प्रतिपक्ष म्हणतो, सोरा पाण्यात टाकणं आणि पॉटभोवतीच्या बर्फात मीठ टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात विरघळण्याचा गारवा, दुसऱ्यात वितळण्याचा. बर्फाच्या पृष्ठभागावरून कण सतत सुटत असतात आणि पाण्यातले कण सतत परत चिकटत असतात. शून्य अंशाला दोन्ही बाजू सारख्या. मीठ विरघळलं की परत चिकटणारे कमी होतात, सुटणारे तेवढेच राहतात. बर्फ वितळत जातो आणि एका ग्रॅममागे लागणाऱ्या ८० कॅलरी आतल्या दुधातून खेचतो. मिठाचं प्रमाण वजनाने २३ टक्क्यांच्या आसपास असेल तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरतं. सोऱ्याला हे जमत नाही. शून्याला तो इतका कमी विरघळतो की बर्फाशी त्याची जोडी उणे ३ च्या खाली जातच नाही. सोरा घालून पॉट फिरवत बसलात तर संध्याकाळी मसाला दूध प्यावं लागेल.

आक्षेप मान्य. पण मी मिठाची वंशावळ सांगत नाही, मांडणीची सांगतो आहे. बाहेर मोठं भांडं, आत बंद तोंडाचं धातूचं भांडं, मध्ये मीठ आणि आतलं भांडं फिरतं ठेवायचं. मातीच्या माठाला यातलं काहीच लागत नाही, तो पाझरून गार होतो. आग्र्याला ही मांडणी पूर्ण आहे, रोमची कुपीही अशीच फिरते. पुढे सोऱ्याच्या जागी खडेमीठ आलं आणि पाण्याच्या जागी बर्फ. १८३० च्या दशकात अमेरिकेतून मुंबईला बर्फाची जहाजं येऊ लागली, १८४३ मध्ये नॅन्सी जॉन्सन या अमेरिकन बाईंनी हँडलच्या पॉटचं पेटंट घेतलं, १८८० च्या दशकात राऊल्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने गोठणबिंदूचा नियम मांडला. ते सगळं शाळेच्या पुस्तकात आहे.

चाकणचा आणि सोऱ्याचा संबंध मात्र पुस्तकातल्यापेक्षा जुना. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग खणून तो दारूने उडवला. दारूत सुमारे तीन चतुर्थांश सोराच असतो. कोळसा आणि गंधक जळायला लागणारा प्राणवायू तोच पुरवतो. म्हणजे चाकणला सोरा पहिल्यांदा गाजला तो आगीच्या बाजूने. खानाच्या डेऱ्यात त्याच सोऱ्यावर सुरई फिरत असेल असं मी धरून चालतो. आग्र्याचा आबदारखाना ठाऊक असलेला उमराव दख्खनेत कोमट पाणी पीत बसेल, हे मनाला पटत नाही.

आता पुन्हा सॉल्ट बाथकडे, कारण दुवा तिथे पक्का होतो. नुसता सोरा वितळवायचा तर ३३४ अंश लागतात, नुसतं सोडियम नायट्रेट ३०८ अंशांना वितळतं. दोन्ही निम्मे निम्मे मिसळले की मिश्रण २२० अंशांच्या आसपासच पातळ होतं. नायट्राइटही योग्य प्रमाणात घातलं तर १४२ अंशांना. बर्फात मीठ टाकल्यावर होतं तेच हे: एकात दुसरं मिसळलं की वितळणबिंदू खाली येतो. हा नियम पाळला गेला नसता तर २०० अंशांचा बाथ टाकीत दगड होऊन बसला असता आणि गिअर त्यावर आपटले असते.

पाण्याशी याचं नातंही तुटलेलं नाही. गारवा जलद हवा असेल तर बाथमध्ये मोजून अगदी थोडं पाणी सोडतात, एखाद-दोन टक्के. तेही ढवळणी चालू ठेवून, सावकाश. ओला जॉब मात्र चुकूनही टाकायचा नाही, वाफ होऊन मीठ अंगावर उडतं. क्वेंच झालेले गिअर गरम पाण्यात धुतात आणि ते धुवण आटवून मीठ परत मिळवतात, सुरईभोवतीचं पाणी आटवून सोरा परत मिळवता येतो तसंच. धुवण घट्ट होत जातं तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो. मीठ पाण्याला दोन्ही टोकांना ताणतं: लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम साधं मीठ घातलं तर ते उकळतं एक अंश वर आणि गोठतं साधारण साडेतीन अंश खाली.

आणि दारूचं रक्तही या घराण्यातून गेलेलं नाही. नायट्रेटच्या बाथमध्ये कोळशाची पूड, तेल किंवा शेजारच्या टाकीतलं सायनाइड पडू द्यायचं नाही, तापमान बेसुमार चढू द्यायचं नाही. नाहीतर स्फोट. संग्रामदुर्गाच्या बुरुजाखाली जे मुद्दाम एकत्र केलं, तेच चाकणच्या शेडमध्ये एकमेकांपासून लांब ठेवतात.

पॉट हा सोऱ्याच्या सुरईचा वंशज नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढंच सांगावं: अबुल फजलची सुरई पाव तास का फिरत होती? पाणी तर नुसतं ठेवूनही गार झालं असतं, थोडं उशिरा. पण भांड्यालगतचं थंड पाणी जागेवरून हललं तरच पुढचं पाणी धातूला भिडतं, हे फिरवणाऱ्याला राऊल्टच्या तीनशे वर्षं आधी हाताने कळलं होतं. आइस्क्रीमच्या पॉटचं हँडल त्याच हातातून आलं आहे. दुसरी वंशावळ कुणी दाखवली तर ऐकून घेईन, पण ती धातूच्या बंद भांड्यापासूनच सुरू व्हायला हवी.