शब्दकोडे : अक्कल की नशीब?

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने सांगितले, "शाळेच्या आठवणी भरपूर येणार आहेत, तुम्ही काही वेगळे लिहा." मी पस्तीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली केली आणि त्याहून जास्त वर्षे रोज सकाळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवतो आहे. या दोन गोष्टींचा एके ठिकाणी चांगलाच संबंध आलेला आहे. १९५७ साली शब्दकोड्यांचे खटले थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यांपैकी एक ज्या केंद्रीय कायद्यावरून गेला, तो कायदा मागणाऱ्या राज्यांत हैदराबाद राज्य होते, म्हणजे पर्यायाने आपला जिल्हाही होता. तो इतिहास आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे वाटले.

आज आपण पाहतो ते शब्दकोडे फार जुने नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत आर्थर विन याने ते पहिल्यांदा छापले. विन मूळचा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. त्याची चौकट हिऱ्याच्या आकाराची होती आणि तिचे नाव होते 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छपाईत शब्दांची उलटापालट झाली, 'क्रॉस-वर्ड' छापले गेले आणि तेच नाव टिकले. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशन संस्थेने कोड्यांचे पहिले पुस्तक काढले, सोबत पेन्सिलही जोडून दिली. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या वेडाला वेळेचा अपव्यय म्हणून हिणवले होते. पुढे युद्धकाळात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, त्याच पत्राने आपले कोडे सुरू केले.

इंग्लंडमध्ये कोड्याला वेगळे वळण लागले. नुसता समानार्थी शब्द विचारण्याऐवजी शब्दाशी खेळायचे, तो फोडायचा, उलटा करायचा, त्याच्या दोन अर्थांत वाचकाला गुंतवायचे. 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६ पासून एडवर्ड पॉविस मॅथर्स हे अशी कोडी देत. त्यांनी टोपणनाव घेतले होते टॉर्क्वेमाडा, स्पेनमधल्या छळवादी धर्मन्यायाधीशाचे! सोडवणाऱ्यांचे काय हाल होत असतील, ते या नावावरून कळते.

शाळेच्या स्मरणिकेत सांगावीच अशी एक हकिकत याच काळातली आहे. लिओनार्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक. ते लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'साठी कोडी रचत. मे १९४४ मध्ये त्यांच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी असे शब्द एकापाठोपाठ येत गेले आणि १ जूनला नेपच्यून आला. हे सगळे नॉर्मंडीवरच्या गुप्त स्वारीचे सांकेतिक शब्द होते आणि स्वारी होती ६ जूनला. गुप्तचर खाते मुख्याध्यापकांच्या दारात हजर झाले. चौकशीत काही निघाले नाही. चाळीस वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने खुलासा केला. सर मुलांकडून रिकाम्या चौकटी शब्दांनी भरून घेत आणि मागाहून स्वतः सूचक वाक्ये लिहीत. शाळेजवळच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडी असलेले शब्द मुलांनी चौकटीत घातले होते.

कोडी घालणे आपल्याला मात्र इंग्रजांनी शिकवलेले नाही. दंडीने 'काव्यादर्शा'त प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. मराठीत 'उखाणा' म्हणजे मुळात कोडेच. लग्नात नाव घेण्याचा अर्थ पुढे रूढ झाला. मोरोपंतांनी ओठांना ओठ लागू न देता म्हणता येईल असे 'निरोष्ठ रामायण' रचले. त्यात प, फ, ब, भ, म ही अक्षरे वर्ज्य. शब्दांची अशी हौस असलेल्या भाषेत शब्दकोडे रुजले, यात नवल नाही.

मात्र रुजताना त्याला मराठीचे नियम पाळावे लागले. इंग्रजी चौकोनात एक लेटर बसते, आपल्या चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर बसते. 'धाराशिव' हा शब्द चार घरांचा : धा, रा, शि, व. आडव्या शब्दातला 'का' उभ्या शब्दातल्या 'क'शी जुळत नाही. म्हणून मराठी कोडे रचणे अवघड आणि म्हणूनच त्यात काळे चौकोन जास्त. दुसरी मेख 'ळ'ची. मराठीत 'ळ'ने सुरू होणारा शब्द नाही. 'शाळा' आडवा लिहिला, तर त्याच्या 'ळा'पासून खाली नवा शब्द सुरू करता येत नाही. तो 'ळा' उभ्या शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी यावा लागतो. आमचे मराठीचे सर मोकळ्या तासाला फळ्यावर चौकट आखत. हा नियम सांगून ते विचारत, "आता शाळेला उभा छेद देणारा दोन अक्षरी शब्द सांगा, तुमच्या डोळ्यांसमोर आहे." उत्तर होते 'फळा'.

आणखी एक फायदा माझ्या वडिलांच्या संदर्भात सांगतो. निजामी राजवटीत सरकारी भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून. वडील वरच्या वर्गांत उर्दूतून शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कचेरीची भाषा बदलत गेली. वडिलांची मराठी बोलायला अस्सल होती, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकायचे. ते त्यांनी घोटवून घेतले शब्दकोड्यातून. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. वेलांटी चुकली की उभा शब्द अडतो. चूक दाखवायला मास्तर लागत नाही, चौकटच दाखवते. आमच्या भागातल्या अनेक घरांत वर्तमानपत्राने शाळेचे उरलेले काम असेच केले असणार.

आता खटल्यांकडे येतो. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसाच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. वर्तमानपत्रातला तक्ता भरायचा, सोबत प्रवेश फी पाठवायची, उत्तर जुळले तर मोठी रक्कम. चमारबागवाला यांची आर.एम.डी.सी. कोडी बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून येत आणि मुंबई राज्यात त्यांचा मोठा खप होता. मुंबई सरकारने १९४८ च्या लॉटरी व बक्षीस स्पर्धा कायद्याखाली त्यांच्यावर कर बसवला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

गोम कशात होती, ते माझ्याच एका नमुन्याने सांगतो. समजा, सूचक वाक्य आहे 'दुष्काळात माणसाला याची आस लागते' आणि घरे आहेत '□णी'. 'पाणी' बसते, 'नाणी'ही बसते. आपल्या जिल्ह्यातला माणूस दोन्ही पटवून देईल! पण 'बरोबर' उत्तर म्हणजे संपादकाने आधीच सीलबंद करून ठेवलेले उत्तर. तुमचा शब्दसंग्रह कितीही मोठा असो, त्या लखोट्यात काय आहे हे विचार करून कळणार नाही. अशी दहा-बारा वाक्ये एका तक्त्यात आली की तो सोडवणे म्हणजे छापा-काटा. लोक मग एकाच कोड्याचे अनेक तक्ते भरत आणि प्रत्येकाची फी देत.

दरम्यान संसदेने १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा केला. हा विषय राज्यांचा, म्हणून आधी आंध्र, मुंबई, मद्रास, ओरिसा, उत्तर प्रदेश, हैदराबाद, मध्य भारत, पेप्सू आणि सौराष्ट्र या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला अधिकार दिला होता. या कायद्याने महिन्याला एकूण एक हजार रुपयांवर बक्षिसे आणि एका स्पर्धेला दोन हजारांवर प्रवेशिका घ्यायला बंदी घातली. त्याखालच्या स्पर्धांनाही परवाना लागू केला. त्यालाही चमारबागवाला यांनी आव्हान दिले.

९ एप्रिल १९५७ रोजी दोन्ही निकाल लागले. जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार-व्यवसाय नव्हे आणि ही कोडी जुगाराच्याच जातीची आहेत, असे न्यायालयाने ठरवले. कायदा टिकला. पण न्यायालयाने एक रेषाही आखली : ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, ती या कायद्याच्या कचाट्यात येत नाही. म्हणजे दोष शब्दांच्या खेळाचा नव्हे, सोडवणाऱ्याच्या अकलेला वाव न ठेवणाऱ्या लखोट्याचा.

ही रेषा पुढे साठ-पासष्ट वर्षे वापरली गेली. रमी असो वा मोबाइलवरचे क्रिकेट संघ, पैसे लावायला सांगणारे सगळे 'हा कौशल्याचा खेळ आहे' म्हणत चमारबागवाला निकालाचाच आधार घेत राहिले. वकिलीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे एक शेतकरी आले होते. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे बँकेत जमा झालेले, ते मुलाने मोबाइलवरच्या खेळात घालवले. मुलगा मान खाली घालून एकच सांगत होता, "काका, त्यात डोकं लागतं, नशीब नाही." तो खोटे बोलत नव्हता, त्याला तसेच सांगितले गेले होते. ते पैसे परत मिळवून देण्याचा मार्ग माझ्याजवळ नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई करणारा कायदा केला. पण कायदा झाला म्हणून मोह संपत नाही. डोके लागते म्हणजे काय, हे मुलांना आधी अनुभवाने कळायला हवे.

त्यासाठी साध्या, बिनपैशाच्या शब्दकोड्याइतके स्वस्त साधन मला दिसत नाही. चांगले कोडे उत्तर लपवते, पण वाट लपवत नाही. 'भाजीच्या जुडीत सापडतो आणि शाळेच्या सभेलाही बोलावला जातो' (३ अक्षरे) – उत्तर 'पालक'. 'पहिलीत हातात, बाजारात डोक्यावर, दारावर नावासह' (२) – 'पाटी'. 'पावसाच्या सरी आणि महादेव एकत्र आले की आपला जिल्हा' (४) – धारा अधिक शिव. उत्तर सापडले की दुसरे कुठलेच बसणार नाही, याची खात्री सोडवणाऱ्यालाच पटते. लखोटा उघडायची वाट पाहावी लागत नाही.

शाळेच्या सध्याच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्याला एक कोडे फलकावर लावावे, अशी माझी सूचना आहे. चौकटी मी करून देईन. प्रत्येक कोड्याला एक विषय असावा : कधी पिके, कधी गड, कधी संत. सुरुवात म्हणून 'आपला जिल्हा' या विषयावरची चार वाक्ये देतो. पंगतीला बसण्याआधी सोडवा.

१. भट्टीपाशी बसणाऱ्याला काना दिला, तालुका झाला. (३)
२. पृथ्वीची वेलांटी गळाली, तालुका उरला. (२)
३. नवी मुंबईतही मी, आपल्या जिल्ह्यातही मी. (२)
४. बारानंतर येणाऱ्याचा काना काढा, गोरोबाकाकांच्या गावी पोहोचाल. (२)

उत्तरे : १. लोहारा, २. भूम, ३. वाशी, ४. तेर.