‘एक्झॉर्सिस्ट’चा दुसरा भाग : धाडस मोठे, भीती थोडी

गाजलेल्या भयपटाचा पुढचा भाग काढणाऱ्या दिग्दर्शकापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. पहिल्या भागातील प्रसंग थोडे फिरवून पुन्हा दाखवायचे, किंवा सर्वस्वी नवे काही करायचे. पहिल्या वाटेवर शिळेपणाचा ठपका बसतो, तर दुसरीवर प्रेक्षकांच्या अपेक्षाभंगाचा धोका असतो. ब्रिटिश दिग्दर्शक जॉन बूरमन यांनी १९७७ साली ‘एक्झॉर्सिस्ट २ : द हेरेटिक’ करताना दुसरी वाट पत्करली. हा चित्रपट आजही फसलेल्या सिक्वेलचा नमुना म्हणून सांगितला जातो. मात्र त्यात जे फसले, त्याइतकेच जे साधले तेही पाहण्याजोगे आहे.

पहिल्या भागाचा वारसा

विल्यम पीटर ब्लॅटी यांच्या १९७१ मधील कादंबरीवर विल्यम फ्रीडकिन यांनी काढलेला ‘द एक्झॉर्सिस्ट’ डिसेंबर १९७३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याला ऑस्करची १० नामांकने आणि पटकथा व ध्वनी यांसाठी २ पुरस्कार मिळाले. जॉर्जटाउनमध्ये आईसोबत राहणाऱ्या रेगन या मुलीला पछाडले जाते. डॉक्टर हात टेकतात, मानसोपचारतज्ज्ञ निरुत्तर होतात आणि मग धर्मगुरूंना बोलावले जाते. फादर मेरिन आणि फादर कॅरस या दोघांचाही त्यात अंत होतो. हे सारे या मुलीच्याच वाट्याला का आले, याचे ठाम उत्तर चित्रपट देत नाही. त्या अनुत्तरित प्रश्नातच त्याचे भय दडलेले होते.

दुसऱ्या भागाची कथा चार वर्षांनंतरची आहे. रेगन (लिंडा ब्लेअर) आता न्यूयॉर्कमध्ये राहते आणि डॉ. जीन टस्किन (लुईस फ्लेचर) तिच्यावर उपचार करीत आहेत. मेरिन यांच्या मृत्यूची चौकशी करण्यासाठी फादर लॅमाँट (रिचर्ड बर्टन) तेथे येतात. मेरिन यांनी पूर्वी आफ्रिकेत कोकुमो नावाच्या मुलाची बाधा उतरवली होती. त्याच्या शोधात लॅमाँट आफ्रिकेत जातात आणि टोळांचा अभ्यास करणारा, आता मोठा झालेला कोकुमो (जेम्स अर्ल जोन्स) त्यांना भेटतो.

जमेच्या बाजू

चित्रपटाचे पहिले बलस्थान म्हणजे त्याची दृश्ये. आफ्रिकेतील बहुतेक दृश्ये स्टुडिओत उभारलेल्या नेपथ्यावर चित्रित झाली. विल्यम फ्रेकर यांच्या छायाचित्रणामुळे त्यांना स्वप्नासारखी, किंचित अनैसर्गिक झळाळी आली आहे. टोळाच्या पाठीवरून जग पाहावे तसा सरकणारा कॅमेरा आजही लक्ष वेधून घेतो.

दुसरे बलस्थान एन्नियो मोरिकोने यांचे संगीत. एकीकडे आदिम तालांचा कल्लोळ आणि दुसरीकडे रेगनसाठी योजलेली कोवळी, उदास सुरावट. ही सुरावट क्वेंटिन टॅरेंटिनो यांनी २०१५ च्या ‘द हेटफुल एट’मध्ये पुन्हा वापरली. चित्रपट पडला तरी त्याचे संगीत टिकून राहिले.

तिसरी गोष्ट कल्पनेची. पाझुझू हा प्राचीन मेसोपोटेमियातील वाऱ्याचा राक्षस. त्याला टोळधाडीशी जोडून, दुष्टपणा एकाकडून दुसऱ्याकडे संसर्गासारखा पसरतो, असे बूरमन सुचवतात. एरवी एकएकटा राहणारा टोळ गर्दीतील स्पर्शाने झुंडीत सामील होतो, हे शास्त्रालाही मान्य आहे. चित्रपटात हा स्पर्श पंखांचा दाखवला आहे. भयपटात एवढा विचार क्वचितच आढळतो. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्यासारख्या दिग्दर्शकाने या चित्रपटाची बाजू घेतली, यात म्हणूनच नवल नाही.

कुठे फसला?

पहिल्या भागात बाधा झाल्याचे प्रेक्षकाला उशिरा पटते. तपासण्या, सुया, यंत्रे सारे थकल्यावरच अमानवी शक्तीचा विचार पुढे येतो. दुसऱ्या भागात मात्र दोन व्यक्तींना एकाच वेळी संमोहित करणारे, दिवे लुकलुकवणारे एक यंत्र सुरुवातीलाच अवतरते आणि त्याच्या साहाय्याने राक्षसाची थेट गाठ पडते. संशय संपला, तशी धास्तीही संपली. पुढे तर रेगनमध्ये इतरांना बरे करण्याची शक्ती आहे आणि दुष्टशक्ती अशाच माणसांच्या मागे लागते, असा खुलासाही मिळतो. पहिल्या चित्रपटाने मोकळा सोडलेला प्रश्न येथे उत्तर देऊन बंद केला जातो.

दुसरी उणीव आईची. एलन बर्स्टिन यांनी भूमिका नाकारल्याने रेगनची आई या भागात नाही. पोटच्या मुलीला ओळखू न शकणाऱ्या आईच्या नजरेतूनच प्रेक्षक पूर्वी घाबरला होता. तिच्या जागी आलेल्या सेक्रेटरी शॅरनला ती पोकळी भरून काढता येत नाही. बर्टन यांचा नाटकी आवेश, बोजड संवाद आणि ताळतंत्र सुटलेला शेवट यांमुळे प्रेक्षागृहात भीतीऐवजी हशा पिकला. प्रदर्शनानंतर बूरमन यांना चित्रपटाची घाईने काटछाट करावी लागली. तरीही पहिल्या भागाच्या पुण्याईवर तिकीटबारीवर गर्दी झाली. सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे ३ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

नंतरचे भाग

ब्लॅटी यांनी १९९० साली स्वतः दिग्दर्शित केलेल्या तिसऱ्या भागात दुसऱ्याची दखलच घेतली नाही. त्यातील रुग्णालयाच्या लांबलचक कॉरिडॉरचा प्रसंग कोणत्याही खुलाशाविना अंगावर काटा आणतो. निर्मिती संस्थेच्या आग्रहाने शेवटी जोडलेला बाधा उतरवण्याचा विधी मात्र ठिगळासारखा वाटतो. २०२३ च्या ‘द एक्झॉर्सिस्ट : बिलिव्हर’मध्ये बर्स्टिन परतल्या आणि पछाडलेल्या मुली एकीऐवजी दोन झाल्या. पण ओळखीच्या खुणा पुन्हा मांडून जुनी भीती परत आली नाही.

या साऱ्यांच्या तुलनेत ‘द हेरेटिक’चा दोष वेगळा ठरतो. नवी वाट धरली म्हणून तो फसला नाही. त्या वाटेवर त्याने अंधारातील प्रत्येक कोपऱ्यात दिवा लावला, आणि उजेडात भुताची भीती उरत नाही.