टाळेबंदीतली हवा आणि चांद्याचे डोळे

प्रदूषणाचा इतिहास लिहिताना आपण कायदे पाहतो, कारखान्यांच्या नोंदी पाहतो. ती हवा श्वासात घेणाऱ्यांना ती कशी वाटली, हे मात्र क्वचितच टिपून ठेवतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि जालंधरहून धौलाधारची हिमशिखरे दिसू लागल्याची छायाचित्रे सर्वत्र फिरली. चंद्रपूरला असे शिखर नाही. येथला पुरावा घरगुती होता: गच्चीवर बोट फिरवले तर काळी पूड कमी लागते, रात्री चांदण्या अधिक दिसतात. 'हवा सुधारली' हा निवाडा लोकांनी डोळ्यांनी आणि बोटांनी दिला.

या निवाड्यामागे चार दशकांचा अनुभव आहे. वायुप्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९८१ चा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची धुराडी त्यानंतर लवकरच पेटली. कोळशाच्या खाणी आधीपासून होत्याच. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे ठरले. हा आकडा येण्यापूर्वी कित्येक वर्षे लोक खोकत होते. आकडा आला तेव्हा कुठे त्यांच्या खोकल्याला कागदोपत्री किंमत आली.

म्हणूनच टाळेबंदीतील लोकानुभव आम्हांस मोलाचा वाटतो. पण तो तपासून घ्यावा लागेल. 'सारे बंद होते म्हणून हवा शुद्ध झाली' ही समजूत अर्धीच खरी. वीजनिर्मिती व कोळसा खाणी अत्यावश्यक सेवेत होत्या. विजेची मागणी घटली, तरी कोळसा जळतच होता. थांबली ती प्रामुख्याने वाहने, बांधकामे आणि रस्त्यांवरची धूळ. शिवाय उन्हाळ्यात तापलेली हवा वर चढते आणि धूर हिवाळ्यासारखा जमिनीलगत साचून राहत नाही. तेव्हा एप्रिलची तुलना जानेवारीशी न करता आधीच्या वर्षांच्या एप्रिलशीच करावयास हवी. आणि डोळ्यांना धूळ दिसते. गंधकाचा वायू दिसत नाही, अतिसूक्ष्म कण एकेकटे दिसत नाहीत.

१९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत तर प्रश्नच निराळा आहे. तेथे मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, वणवे लागतात, घरात चूल असतेच. हा धूर कोणत्याही सरकारी आदेशाने बंद होणारा नव्हता. ज्यांचा धूर पोटाशी बांधलेला आहे, त्यांच्यासाठी 'निरभ्र आकाश' ही बातमी नव्हती.

त्याच निरभ्र आकाशाखालून तेलंगणातील मिरची तोडणीला गेलेले या दोन्ही जिल्ह्यांतील मजूर जंगलवाटांनी पायी घरी परतत होते. रस्त्यावर वाहन नव्हते म्हणून हवा स्वच्छ होती, आणि वाहन नव्हते म्हणूनच ते चालत होते. टाळेबंदीच्या हवेचे गोडवे गाताना हे विसरता येत नाही. शुद्ध हवेसाठी माणसांची रोजी बंद पडावी लागत असेल, तर ती शुद्धी टिकणारी नव्हे. टिकणारे उपाय निराळे आहेत: धुराड्यांवर गंधक शोषणारी यंत्रणा, झाकून नेलेला कोळसा, घरोघर परवडणारे इंधन.

तरीही त्या दिवसांनी एक गोष्ट दिली. मळकट आभाळ म्हणजे चांद्याचे नशीब, असे मानणाऱ्या पिढीने तुलनेसाठी दुसरे आभाळ पाहिले. ती आठवण मापनयंत्राची जागा घेणार नाही; पण यंत्राकडे आकडा मागण्याचा अधिकार मात्र ती देते. तो विरून जाण्याआधी या आठवणी लिहून ठेवल्या पाहिजेत, असे आम्हांस वाटते.