देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण (संगीतकार-दिग्दर्शक)

(८ नोव्हेंबर १९१९ – १२ जून २०००). मराठी लेखक, नाट्य-चित्रपट कलावंत, संगीतकार व दिग्दर्शक, ‘पु. ल.’ या नावाने परिचित. जन्म मुंबईत. दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे हार्मोनियमचे शिक्षण. चित्रपटात प्रथम नट म्हणून प्रवेश (कुबेर, १९४७). पुढे पटकथा व संगीत ही कामेही केली.

कारकिर्दीत १९५३ हे वर्ष महत्त्वाचे. राम गबाले दिग्दर्शित देवबाप्पा चित्रपटाला त्यांचे संगीत असून, ‘नाच रे मोरा’ हे आशा भोसले यांनी गायिलेले बालगीत त्यातलेच (पहा : माडगूळकर, ग. दि.). त्याच वर्षीच्या गुळाचा गणपती या चित्रपटाची कथा, पटकथा, संवाद, संगीत व दिग्दर्शन त्यांचे, आणि भोळ्या नायकाची भूमिकाही त्यांचीच. ‘इंद्रायणी काठी’ हा त्यातील अभंग माडगूळकरांच्या लेखणीतून उतरला असला, तरी संतरचनाच वाटावा असा आहे. भीमपलास रागातील ही चाल भीमसेन जोशी यांच्या पार्श्वगायनासाठी बांधलेली. रागविस्ताराला तीत पुरेसा वाव आहे, तरी शब्द कोठे दबत नाहीत.

यानंतर चित्रपटनिर्मिती जवळजवळ थांबली; १९५५ पासून आकाशवाणीत नोकरी (पहा : नभोवाणी). मंगेश पाडगावकरांच्या ‘शब्दावाचून कळले सारे’ या गीताची, जितेंद्र अभिषेकी यांनी गायिलेली चाल त्यांचीच आहे (पहा : भावगीत). साहित्यिक कीर्तीमुळे संगीतकार पु. ल. काहीसे मागे पडले. पद्मश्री (१९६६), पद्मभूषण (१९९०).