आगगाडीचं दुकान

मलकापूरचे म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे भुसावळच्या पुढचं स्टेशन ना?" नाही हो, ते बुलढाण्याचं. आणखी एक मलकापूर कराडजवळ आहे. आमचं शाहूवाडी तालुक्यातलं, विशाळगड जहागिरीचं जुनं ठाणं. कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालात की आंबा घाटाच्या अलीकडे लागतं ते. इथे रेल्वे नाही. कोल्हापूरला ती १८९१ मध्येच आली, घाटाखाली कोकण रेल्वे १९९८ पासून धावते, मधल्या पट्ट्यात आम्ही आणि आमची लाल एसटी. २०१६ मध्ये कोल्हापूर-वैभववाडी मार्ग मंजूर झाला, पण तो आमच्या दक्षिणेकडून जाणारा. त्यामुळे काड्यापेट्या दोऱ्यात ओवून केलेली गाडी हीच इथल्या पोरांची आगगाडी. कदाचित म्हणूनच छोट्या गाड्यांबद्दल काहीही छापून आलेलं दिसलं की मी वाचायचं सोडत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये अशीच एक बातमी वाचली. हॅटन्स नावाचं इंग्लंडमधलं मॉडेल रेल्वेचं दुकान बंद होणार. १९४६ मध्ये नॉर्मन हॅटन यांनी लिव्हरपूलमध्ये सुरू केलेलं. ७८ वर्षं म्हणजे तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं! दिवाळं निघालं असंही नाही. धंदा पुढे परवडणार नाही असं दिसलं, म्हणून मालकांनीच शांतपणे आवरतं घेतलं. त्याच महिन्यात बर्मिंगहॅमचं वॉर्लीचं मोठं मॉडेल रेल्वे प्रदर्शनही यापुढे भरणार नाही असं जाहीर झालं. हौशी लोकांच्या घरी जणू सुतकच.

आपला काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो मराठी घराण्यातूनच जातो. मात्र त्यासाठी हॅटन्सच्याही मागे, बॅसेट-लोकपर्यंत जायला हवं.

वेनमन जोसेफ बॅसेट-लोक हा नॉर्थॅम्प्टनचा माणूस. १८९९ च्या सुमारास त्याने टपालाने माल पाठवायचा धंदा काढला. छोटी इंजिनं, त्यांचे सुटे भाग, डबे, वाघिणी, रूळ. त्याचं खरं भांडवल म्हणजे कॅटलॉग. छान छापलेला, चित्रांचा. कुठल्याही आडगावातल्या माणसाने तो मागवावा, रात्री दिव्याखाली चाळावा, पैसे साठवावेत आणि पत्र टाकावं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीशी गाठ पडली. जर्मन खेळणीवाले बनवण्यात पटाईत, पण त्यांची इंजिनं इंग्रजांना ओळखीची वाटत नसत. बॅसेट-लोकने सांगितलं, आमच्या रेल्वे कंपन्यांच्या इंजिनांसारखी हुबेहूब करून द्या, विकायचं मी बघतो. हेन्री ग्रीनली नावाचा इंजिनियर आराखडे काढून द्यायचा. पुढे १९०८ मध्ये लंडनला हाय होबर्नवर दुकान निघालं. खेळणं आणि नमुना यात फरक असतो, हे गिऱ्हाइकाला शिकवलं ते या लोकांनी. अमुक रेल्वेच्या अमुक इंजिनाला चाकं किती, चिमणी केवढी, रंग कुठला, हे चुकून चालत नाही. (आपल्याकडे गणपतीच्या आराशीत हलते देखावे करणाऱ्यांना हे लगेच पटेल.)

आता ग्वाल्हेर. शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे, तेव्हा परके नव्हेत. माधवराव शिंदे १८८६ मध्ये नऊ वर्षांचे असताना गादीवर आले आणि १९२५ पर्यंत राज्य केलं. या राजाला रेल्वेचं अक्षरशः वेड होतं. आधी राजवाड्याच्या आवारात दोन फुटी रुळांची गाडी फिरवली. मग त्याच मापाची खरी रेल्वे संस्थानात घातली, ग्वाल्हेर लाइट रेल्वे. भिंड, शिवपुरी आणि श्योपूर अशा तिच्या शाखा. पैकी श्योपूरची सुमारे २०० किलोमीटर. आणि तिसरी गाडी थेट जेवणाच्या टेबलावर! जयविलास राजवाड्याच्या मेजवानीच्या दालनातली ती चांदीची गाडी बॅसेट-लोकनेच १९०६ मध्ये बनवली असं या छंदातले जाणकार सांगतात. तिच्यावर इंग्रजी सात अक्षरांत शिंद्यांचं नाव. जेवणं झाली की मद्य, सिगार, सुकामेवा घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरायची. सुरई उचलली की विजेचं मंडल तुटून गाडी थांबे, परत ठेवली की चालू. एकदा व्हाइसरॉयच्या मेजवानीत ती बिघडून सुसाट सुटली आणि पाहुण्यांच्या कपड्यांवर रस्सा उडाला, असा किस्सा 'फ्रीडम ॲट मिडनाइट' या पुस्तकात आहे. पाहुण्यांचे चेहरे कसे झाले असतील...

असो. सांगायचं ते हे, की राजा असो की शाळामास्तर, या दुकानाचं गिऱ्हाईक व्हायला रेल्वे दारात असावी लागत नव्हती. टपाल पोचलं की पुरे.

मग असं दुकान बुडालं कसं? मला सगळ्यात लागलेली गोष्ट हीच. १९२२ मध्ये बिंगने केलेली टेबलावर मावणारी छोटी गाडी बॅसेट-लोकनेच बाजारात आणली होती. पण त्यांचा जीव रमला तो मोठ्या, ३२ मिलिमीटर रुळांच्या मापात. घरं लहान झाली, लोकांना १६.५ मिलिमीटरचे रूळ सोयीचे वाटू लागले. लिव्हरपूलच्या हॉर्नबीने १९३८ मध्ये त्या मापाची गाडी काढली आणि युद्धानंतर तीच घराघरांत गेली. बॅसेट-लोकचा माल उत्तम, पण महाग. पन्नासच्या दशकाअखेर असं होऊ लागलं की लोक यांचाच कॅटलॉग फुकट मागवत, निवांत चाळत, काय घ्यायचं ते ठरवत आणि तशीच वस्तू दुसरीकडे स्वस्तात घेत. ज्या कॅटलॉगने दुकान उभं केलं, त्यानेच गिऱ्हाईक शेजारच्याच्या दारात नेऊन सोडलं. आजचा कुठलाही पुस्तकवाला किंवा कपडेवाला हे ऐकून कडवट हसेल. दुकानात हात लावून बघायचं, फोनवर भाव काढायचा आणि घरी जाऊन मागवायचं, ही रीत आपण इंटरनेटमुळे आली असं समजतो. ती त्याच्या कितीतरी आधीची आहे.

बॅसेट-लोक स्वतः १९५३ मध्ये वारला. १९६४ मध्ये कंपनीने किरकोळ विक्री थांबवली, हाय होबर्नचं दुकान बीटीज नावाच्या दुकानदाराला विकलं आणि वर्षभरात कंपनीच गुंडाळली. पुढे बीटीजची जागा मॉडेलझोनने घेतली. तीही २०१३ मध्ये सगळी दुकानं बंद करून मोकळी झाली. आणि २०२४ मध्ये हॅटन्स, ज्यांनी टपालाचा जुना धंदा इंटरनेटवर नेऊन चांगला चालवून दाखवला होता. म्हणजे जुनाट राहिले म्हणून बुडाले, हे सोपं उत्तर इथे चालत नाही. छंद महाग झाला, गिऱ्हाईक म्हातारं झालं, आणि नवीन पोराला ही गोडी लावायला वेळ कुणाकडे? माझ्या मते तिसरं कारण सगळ्यात जड.

छंद काही दुकानाबरोबर मरत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं, ते एका माणसाच्या हौसेतून. पण एखाद्या इंजिनाचा दात झिजलेला गिअर हातात घेऊन, "हा अमुक सालातला, थांबा, मागच्या खणात असेल," असं म्हणणारा माणूस दुकानातच भेटतो. कॅटलॉगमधून गाडी मिळते, तो माणूस मिळत नाही. दुकान गेलं की मागच्या खणात काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

बॅसेट-लोक हे नाव मात्र विकलं गेलं. १९९६ मध्ये ते कॉर्गीकडे गेलं आणि २००८ मध्ये कॉर्गीसकट हॉर्नबीकडे, म्हणजे जुन्या प्रतिस्पर्ध्याच्याच नावाने चालणाऱ्या कंपनीच्या खिशात.

जयविलासमधलं संग्रहालय लोकांना खुलं झालं ते १९६४ मध्ये, बॅसेट-लोकने विक्री थांबवली त्याच वर्षी. माधवरावांनी प्रजेसाठी घातलेली श्योपूरची दोन फुटी गाडी मार्च २०२० मध्ये थांबली. तिच्या जागी आता रुंद रूळ. टेबलावरची चांदीची गाडी मात्र तिकीट काढून बघता येते.