शुक्रवारीतली लक्ष्मी

वडोदऱ्याच्या शुक्रवारी बाजारात जुनी कुलपं आणि फुटक्या रेडिओंच्या ढिगाखाली ती सापडली. रविवर्म्याची लक्ष्मी! काच तडकलेली, पदरावर कुण्या बाईने जर आणि टिकल्या चिकटवलेल्या. भाव करताना माझा आवाजच फुटेना.

सयाजीरावांनी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली. मूळ तैलचित्रं आजही राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात बघायला मिळतात, तिकीट काढून. घरोघरच्या भिंतींवर पोचली ती मात्र छापील. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकाच कागदावर ठशावर ठसा. एखादा जरी केसभर सरकला तरी देवीचे ओठ गालावर! मला अशीच चुकलेली चित्रं जास्त आवडतात, खरं सांगते.

माझ्याकडच्या पहिल्या चित्राखाली 'कार्ला-लोणावळा' छापलेलं होतं. फ्रेमवाला म्हणाला, "ताई, कड कापू? नीट बसेल." मी म्हटलं, काप. छापखान्याचं नाव, गाव, सगळं त्याच्या केरात गेलं. चित्र कुठलं, हे सांगणारी तेवढीच ओळ होती. या लक्ष्मीची कड शाबूत आहे.

सासूबाई म्हणतात, "पर्युषणात अपरिग्रहावर मान डोलावतेस, आणि भिंती भरतेस?"

काय सांगणार? काच तेवढी बदलून आणलीय. जर आणि टिकल्यांना हात लावू दिला नाही.