प्राणवायूचे ऋण

घाटाची चढण चढून एखादा वाटसरू माथ्यावर येतो, डोक्यावरचे ओझे खाली उतरवतो आणि दगडावर टेकतो. चालणे थांबलेले असते, पाय स्वस्थ असतात. तरीही त्याची छाती कितीतरी वेळ भात्याप्रमाणे वरखाली होत राहते. काम संपल्यावर हा श्वास कशासाठी चाललेला असतो? बसलेल्या मनुष्यास चालणाऱ्याइतकी हवा का लागावी? हा अनुभव मनुष्यजातीइतकाच जुना आहे. त्याला तर्काचे नव्हे, तर मोजमापाचे उत्तर देण्याचे मोठे श्रेय विसाव्या शतकातील एका इंग्रज प्राध्यापकाकडे जाते. त्यांचे नाव आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल.

हिल ह्यांचा जन्म इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी २६ सप्टेंबर १८८६ रोजी झाला. ते लहान असतानाच वडील कुटुंबास सोडून गेले आणि मुलांचे संगोपन व शिक्षण ह्यांचा भार आईने एकटीने वाहिला. शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १९०७ साली गणिताच्या परीक्षेत तिसरे रँग्लर झाले. हा मान म्हणजे काय, हे मराठी माणसास निराळे सांगावयास नको. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांनी ह्याच परीक्षेत पहिले स्थान मिळविले आणि ‘रँग्लर’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी गेला. परंतु हिल ह्यांचे मन गणितात रमेना. त्यांचे शिक्षक वॉल्टर फ्लेचर हे स्नायूंचा अभ्यास करीत असत. त्यांच्या प्रेरणेने हिल शरीरक्रियाविज्ञानाकडे वळले. ते वैद्य नव्हते, शल्यविशारदही नव्हते. गणिती मनुष्याची काटेकोर नजर एवढेच भांडवल घेऊन ते ह्या नव्या क्षेत्रात उतरले.

१९०९ साली केंब्रिजचे प्राध्यापक जॉन लँगली ह्यांनी त्यांना पत्र लिहून सुचविले की, स्नायू हे एक यंत्र मानून त्याची कार्यक्षमता तपासावी. ह्या पत्राने हिल ह्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. बेडकाच्या मांडीचा एक लहानसा स्नायू घ्यावा, विजेच्या धक्क्याने तो आकुंचित करावा आणि त्या क्षणी त्यात निर्माण होणारी उष्णता मोजावी, असा हा उद्योग होता. ऐकावयास सोपा, करावयास महाकठीण! कारण एका आकुंचनाने स्नायूचे तपमान वाढते ते एका अंशाच्या काही हजारांश भागांइतकेच. बाहेरच्या हवेची लहानशी झुळूक लागली, तरी सारे मोजमाप व्यर्थ जावे. दोन धातूंच्या सांध्यावर उष्णतेने वीज निर्माण होते, ह्या तत्त्वावर बनविलेली नाजूक उपकरणे हिल ह्यांनी सुधारली आणि वर्षानुवर्षे हा उद्योग चालविला. पहिल्या महायुद्धामुळे त्यात खंड पडला. त्या काळात विमानवेधी तोफांचा मारा अचूक व्हावा म्हणून गणितज्ञांचे एक पथक त्यांनी चालविले.

ह्या चिकाटीतून जे हाती लागले ते अपूर्व होते. स्नायूची उष्णता एकदम बाहेर पडत नाही. ती दोन हप्त्यांत येते. पहिला हप्ता आकुंचनाच्या व शिथिलनाच्या वेळी, आणि दुसरा त्यानंतर काही मिनिटे, सावकाश. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पहिल्या हप्त्यास प्राणवायूची गरजच नव्हती. केवळ नायट्रोजन वायूत ठेवलेला स्नायूही आकुंचनाच्या वेळी तेवढीच उष्णता देई. प्राणवायू लागे तो नंतरच्या, पूर्वस्थितीवर येण्याच्या कामासाठी. घड्याळाची कमान उलगडते तेव्हा काटे फिरतात, परंतु ती पुन्हा गुंडाळण्यासाठी किल्ली द्यावी लागते. स्नायूचेही तसेच. ओढण्याचे काम साठविलेल्या शक्तीवर होते, आणि किल्ली मागाहून दिली जाते. ह्या शोधाबद्दल १९२२ सालचे नोबेल पारितोषिक हिल आणि जर्मन शास्त्रज्ञ ओटो मायरहोफ ह्यांना विभागून देण्यात आले. त्याची घोषणा मात्र १९२३ साली झाली. पाचच वर्षांपूर्वी ज्यांची राष्ट्रे एकमेकांविरुद्ध खंदकांत लढत होती, त्या दोघांचा हा संयुक्त सन्मान होता.

१९२० साली हिल मँचेस्टर येथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले होते. आता त्यांनी बेडकाच्या स्नायूवरून आपले लक्ष धावणाऱ्या माणसाकडे वळविले, आणि पहिला माणूस निवडला तो स्वतःच. धावण्याची आवड त्यांना विद्यार्थिदशेपासून होती. वयाची पस्तिशी उलटलेला हा प्राध्यापक पाठीवर मोठी हवाबंद पिशवी बांधून आणि तोंडात झडपेची नळी धरून गवतावर आखलेल्या वाटेवरून फेऱ्या मारू लागला. उच्छ्वासाची हवा पिशवीत जमावयाची, नंतर तिचे पृथक्करण करावयाचे, आणि शरीराने मिनिटास किती प्राणवायू घेतला ते काढावयाचे, अशी ही पद्धत होती. स्वस्थ बसलेल्या मनुष्यास मिनिटास सुमारे पाव लिटर प्राणवायू पुरतो. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरच्या वेगाने धावताना हिल ह्यांचे शरीर मिनिटास सुमारे चार लिटर प्राणवायू घेत होते, म्हणजे जवळजवळ सोळा पट. परंतु त्यापुढे वेग वाढविला तरी हा आकडा वाढेना. हृदयास आणि फुफ्फुसांस जेवढे पुरविता येईल तेवढे त्यांनी पुरविले होते. मर्यादा गाठली होती.

मग मनुष्य त्याहून वेगाने धावतो तो कशाच्या बळावर? हिल ह्यांनी १९२३ साली हार्टले लप्टन ह्यांच्यासह जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यात ह्याचे उत्तर एका व्यवहारातल्या शब्दाने दिले. तो शब्द म्हणजे ऋण. मिळकतीपेक्षा खर्च अधिक झाला की मनुष्य उसने घेतो. त्याचप्रमाणे शरीर प्राणवायूवाचून काम करून घेते, स्नायूंत दुग्धाम्ल साठते, आणि धावणे थांबल्यावर जादा श्वास घेऊन ते प्राणवायूचे ऋण फेडले जाते. घाटमाथ्यावर धापा टाकीत बसलेला वाटसरू आपली परतफेड करीत असतो.

त्याच वर्षी हिल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १९२७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान धावपटूंच्या अंगावर चुंबक बांधले आणि धावपट्टीच्या कडेला ठराविक अंतरावर तारेची वेटोळी ठेवली. धावणारा वेटोळ्यापुढून गेला की तारेत क्षणभर वीज चमकून जाई, आणि त्यावरून त्याचा वेग पावलागणिक कळे. ह्या खटाटोपाचा उपयोग काय, असे अमेरिकेतील एका व्याख्यानानंतर एका वृद्ध गृहस्थाने विचारले. हिल ह्यांनी प्रथम काही उपयोग सांगून पाहिले. अखेर त्यांनी सरळ कबूल केले की, आम्ही हे उपयोगासाठी करीत नाही, त्यात आम्हांस मौज वाटते म्हणून करतो.

मौजेने आरंभिलेल्या कामाची खरी कसोटी लागते ती ते चुकीचे ठरू लागते तेव्हा. हिल ह्यांच्या जीवनातील सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे. स्नायू म्हणजे चिकट द्रवात बुडविलेली स्प्रिंग, अशी त्यांची कल्पना होती. ती खरी असती, तर एका आकुंचनात खर्च होणारी शक्ती आधीच ठरलेली असावयास हवी होती. परंतु वॉलेस फेन ह्या तरुण अमेरिकन संशोधकाने हिल ह्यांच्याच प्रयोगशाळेत काम करून १९२३ साली निराळेच दाखविले: स्नायू जितके अधिक काम करतो, तितकी अधिक शक्ती तो खर्च करतो. त्यानंतर १९३० साली डेन्मार्कमधील आयनार लुंड्सगार्ड ह्यांनी दुसरा धक्का दिला. विशिष्ट विषाने दुग्धाम्लाची निर्मिती बंद पाडली, तरी स्नायू काही काळ आकुंचन पावतच राहतो, असे त्यांना आढळले. म्हणजे दुग्धाम्ल हे आकुंचनाचे कारण नव्हे. ज्या पायावर नोबेल पारितोषिकाच्या वेळचे सारे विवेचन उभे होते, त्यातील एक मोठा चिरा निखळला.

अशा वेळी मानी मनुष्य वाद घालतो, किंवा मौन धरतो. हिल ह्यांनी १९३२ साली स्वतःच ह्या विषयावर लेख लिहिला आणि त्यास नाव दिले ‘स्नायुविज्ञानातील क्रांती’. ही क्रांती त्यांच्याच मताविरुद्ध झालेली होती! १९३८ साली त्यांनी भार आणि वेग ह्यांचा संबंध दाखविणारे समीकरण मांडले. विहिरीतून रिकामी घागर झरझर वर येते आणि भरलेली सावकाश येते, हा प्रत्येकाचा अनुभव. त्याचे गणित ह्या समीकरणात आहे, आणि ते अद्याप शिकविले जाते. परंतु त्याच निबंधातील एक गृहीत, म्हणजे स्नायू आखडताना निघणारी जादा उष्णता भारावर अवलंबून नसते हे विधान, त्यांनी १९६४ साली अधिक चांगल्या उपकरणांनी पुन्हा तपासले आणि ते बरोबर नसल्याचे जाहीर केले. त्या वेळी त्यांचे वय ७७ वर्षांचे होते. 

प्रयोगशाळेबाहेरही त्यांचे वर्तन ह्याच सचोटीचे होते. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू व विरोधी मतांच्या प्राध्यापकांस विद्यापीठांतून काढून टाकण्यात येऊ लागले. त्यांना आश्रय व काम मिळवून देण्यासाठी इंग्लंडमध्ये त्याच वर्षी एक मंडळ निघाले. रदरफर्ड त्याचे अध्यक्ष होते, आणि त्याच्या स्थापनेत हिल अग्रभागी होते. १९३५ साली लाइपझिगहून बर्नार्ड काट्झ नावाचा तेवीस वर्षांचा तरुण त्यांच्या प्रयोगशाळेत आला. त्याला मायदेशी भवितव्य उरले नव्हते. पुढे १९७० साली ह्याच काट्झ ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्वतः मायरहोफ ह्यांनाही १९३८ साली जर्मनी सोडावे लागले. पॅरिसमार्गे ते अखेर अमेरिकेस पोहोचले.

भारताचा आणि हिल ह्यांचा संबंध आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. नोव्हेंबर १९४३ ते एप्रिल १९४४ ह्या अवधीत सरकारच्या निमंत्रणावरून ते येथील शास्त्रीय संशोधनाची पाहणी करण्यास आले. बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत होती, ते हेच दिवस. आपल्या अहवालात त्यांनी लोकसंख्या, आरोग्य, अन्न आणि नैसर्गिक संपत्ती हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याचे दाखविले, आणि वैद्यकाचे शिक्षक व संशोधक घडविणारी एक अखिल भारतीय संस्था असावी असे सुचविले. नाशिक येथे जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने १९४६ सालच्या आपल्या अहवालात अशाच संस्थेची शिफारस केली. १९५६ साली दिल्ली येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हा ही कल्पना प्रत्यक्षात आली.

भारतातील दृश्य हिल विसरले नाहीत. १९५२ साली बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी विज्ञानापुढील नैतिक पेच मांडला: रोगनिवारणाने माणसे वाचतात, परंतु अन्नाची जोड नसेल तर त्याच उपकारातून पुढे उपासमार उद्भवण्याचे भय असते, मग शास्त्रज्ञाने काय करावे? स्नायूची उष्णता मोजणाऱ्या मनुष्यास हा प्रश्न टाळता आला असता. त्यांनी तो टाळला नाही.

३ जून १९७७ रोजी केंब्रिज येथे हिल ह्यांचे देहावसान झाले. त्यांच्या ‘ऋणा’च्या कल्पनेत आता पुष्कळ फेरफार झाला आहे. श्रमानंतरचा जादा श्वास केवळ दुग्धाम्लासाठी नसतो. खर्ची पडलेला शक्तिसाठा भरून काढणे, रक्तातील व स्नायूंतील प्राणवायू पूर्ववत करणे, तापलेले शरीर आणि जोराने चाललेले हृदय ह्यांची गरज भागविणे, अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. आणि ज्यास एके काळी टाकाऊ मानले, ते लॅक्टेट हृदय व इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात. परंतु मनुष्य जास्तीत जास्त किती प्राणवायू घेऊ शकतो, हे हिल ह्यांनी गवतावर धावून काढलेले माप आजही खेळाडूंच्या तपासणीत आणि हृदयरोग्यांच्या परीक्षेत घेतले जाते. त्यांच्या स्पष्टीकरणाचा बराचसा भाग गेला; मोजमाप राहिले. स्वतःचे शरीर आणि स्वतःचे मत ह्या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालण्याचे धैर्य त्यांच्या ठायी होते, म्हणूनच ते राहिले.